कुठे धरू?
सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. विषयपत्रिका टाइप होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, अशी इच्छा आहे. पार्किंग, थकबाकी, गच्चीची गळती, रंगकाम हे विषय तिथे दरवर्षी ठाण मांडून असतातच. त्यांच्या शेजारी एक विषय आणखी घाला: फ्लॅटच्या दारापासून रिक्षाच्या सीटपर्यंतचं अंतर.

आम्ही घरोघर जाऊन फिजिओथेरपी देणारे, पेशंटची शुश्रूषा करणारे आणि त्यांची दवाखान्यात ने-आण करणारे लोक आहोत. दाराच्या आत घरचे बघतात. दवाखान्यात वॉर्डबॉय असतो, स्ट्रेचर असतं. मधल्या तुकड्याला मात्र कोणी वाली नसतो. कॉरिडॉर, लिफ्ट, लिफ्टच्या आधीच्या तीन-चार पायऱ्या, पार्किंग, गेट. तुमच्या कागदांत त्याला 'कॉमन एरिया' म्हणतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस तो वर्षाला तीनशेहून जास्त वेळा पार करतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा चार तास मशीनवर काढून, रक्तदाब उतरलेल्या अवस्थेत.

'आमच्या सोसायटीत कोणी अपंग नाही' हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत पार्किन्सन म्हणजे कंपवात, आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही आहेत. डायलिसिस त्या यादीत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन नाही, केमोथेरपीही नाही. पायऱ्या मात्र यादी बघून अडवत नाहीत. शिवाय व्हीलचेअरवरचा माणूस तुम्हाला खाली दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की त्याला खाली येता येत नाही.

आधी पायऱ्या. कित्येक इमारतींत लिफ्ट जमिनीच्या पातळीवर सुरूच होत नाही, तीन पायऱ्या चढून मग लिफ्ट. बाजूला बिल्डरने एक रॅम्प दिलेला असतो, तो बघून समितीचं समाधान होतं. तो रॅम्प मोजा. पायरी साधारण १५ सेंटीमीटरची, तीन पायऱ्यांची उंची ४५. नियमाचा उतार एकास बारा, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढायला ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबी लागते. तुमचा रॅम्प बहुधा दोन-अडीच मीटरचा निघेल. तो स्कूटर चढवायला केलेला आहे. त्यावरून व्हीलचेअर ढकलताना ढकलणाऱ्याचे पाय घसरतात आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. सरळ जागा नसेल तर रॅम्पला वळण द्या, पण वळणावर दीड मीटर बाय दीड मीटरचा सपाट चौक सोडा. तेवढाच चौक वर आणि खालीही हवा, नाहीतर खुर्ची रॅम्पवर तिरकी उभी ठेवून लिफ्टचं बटण दाबण्याची कसरत करावी लागते. रुंदी किमान १ मीटर २० सेंटीमीटर. कडेला चार बोटं उंच कठडा, म्हणजे पुढचं छोटं चाक खाली उतरणार नाही. वर पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको. उन्हाळ्यात तो शोभतो, जूनमध्ये त्यावर धडधाकट माणूसही आडवा होतो. खडबडीत टाइल किंवा न घासलेली फरशी बसवा. पुढच्या वर्षीच होणार असेल तर आज निदान खरखरीत पट्ट्या चिकटवा आणि रॅम्पच्या पायथ्याशी लागणाऱ्या दुचाक्या हलवा. या शेवटच्या कामाला तर ठरावही लागत नाही.

रेलिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त चूक होते आणि ती लक्षातही येत नाही. रेलिंग एकाच बाजूला बसवलेलं असतं. अर्धांगवायूनंतर ज्याचा उजवा हात चालत नाही, तो डाव्या हाताने धरणार. चढताना रेलिंग डावीकडे असलं तर ठीक. उतरताना तेच रेलिंग उजवीकडे येतं. मग हा माणूस सकाळी वर चढू शकतो आणि संध्याकाळी खाली उतरू शकत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की सकाळी तर नीट चालत होते! दोन्ही बाजूंना रेलिंग लावा. उंची ८५ ते ९० सेंटीमीटर, मुठीत मावेल असा गोल पाइप, भिंतीपासून पाच सेंटीमीटर सुटा. शेवटच्या पायरीच्या पुढे ते ३० सेंटीमीटर न्या, कारण तोल जातो तो पायऱ्या संपल्या असं वाटतं त्याच क्षणी.

आता माणसांकडे वळतो. आमच्या लोकांच्या मनात दया कमी नाही. पायऱ्यांशी व्हीलचेअर अडली की पार्किंगमधून तिघे-चौघे धावत येतात. गडबड होते ती पुढे. चौघे चार कोपरे धरतात आणि त्यातले दोन कोपरे हातात येतात. हात ठेवायच्या आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांमध्ये सुट्या होणाऱ्या असतात. म्हणून हात लावण्याआधी दोन शब्दांचा प्रश्न विचारा: 'कुठे धरू?' आणि तो खुर्चीवर बसलेल्यालाच विचारा, मागे उभ्या असलेल्या मुलाला नको. आपली खुर्ची कुठून निसटते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

रीत अशी. दोन माणसं पुरतात. पट्टा असेल तर बांधून घ्या, मागच्या रबरी मुठी पिळून बघा, फिरत असतील तर त्या धरू नका. उतरताना बसलेल्याचं तोंड खाली उताराकडे, खुर्ची मागे कललेली, भार मोठ्या चाकांवर. जास्त ताकदीचा माणूस मागे, वरच्या पायरीवर. दुसरा पुढे, खालच्या पायरीवर, खुर्चीकडे तोंड करून, न सुटणारी चौकट धरून. एक पायरी, थांबायचं, मग पुढची. मोजणार एकच जण. चढताना खुर्चीची पाठ जिन्याकडे, ताकदवान माणूस तसाच वर. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट कधीही उचलू नका. तीव्र रॅम्पवरून खाली येताना खुर्ची उलटी उतरवा, म्हणजे ढकलणारा खाली आणि बसलेल्याचं तोंड वर. लिफ्टचा उंबरा सरळ ओलांडा, तिरकं गेलं की पुढचं चाक फटीत बसतं. आणि माणूस उठणार असेल तर आधी दोन्ही ब्रेक, मग पायपट्ट्या वर. पट्टीवर पाय देऊन उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते.

काठीने चालणाऱ्याला आपण दंडाला धरून वर ओढतो. अर्धांगवायूच्या हाताचा खांदा सैल झालेला असतो. ओढला की सांधा निसटतो आणि पुढचे कित्येक महिने ती कळ रात्री झोपू देत नाही. अशा माणसाच्या दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा आणि गरज पडली तर कमरेला आधार द्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. सोबत करणारा नेहमी खालच्या बाजूला. काठीच्या टोकाचं रबर बघायची सवयही लावून घ्या. त्यावरच्या रेघा झिजून ते गुळगुळीत झालं असेल तर ओल्या टाइलवर ती काठी असून नसल्यासारखी. मेडिकलच्या दुकानात नवं मिळतं, किंमत अगदी किरकोळ, पण घरात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

डायलिसिसच्या पेशंटच्या एका हातात फिस्टुला असतो, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. तिथे बोट ठेवलं तर थरथर लागते. तो हात धरायचा नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही. येताना तिथून रक्त वाहू लागलं तर टॉवेल गुंडाळत बसू नका. टॉवेल फक्त रक्त पितो. स्वच्छ कापडाची छोटी घडी नेमक्या त्या जागी बोटांनी घट्ट दाबा, हात वर उचला, दाब सोडून बघू नका आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

पार्किन्सनचा माणूस लिफ्टच्या दारात एकदम थबकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागून 'चला काका, चला' झालं की ते आणखी घट्ट चिकटतात. घाई आणि अरुंद दार या दोन्ही गोष्टी त्याला अडवतात. दार धरून ठेवा, शांतपणे 'एक-दोन, एक-दोन' म्हणा, किंवा त्याच्या पुढ्यात जमिनीवर एक आडवी रेघ आहे असं सांगून ती ओलांडायला सांगा. पाऊल उचललं जातं. लिफ्टच्या दाराआधी फरशीवर ठळक रंगाच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर रोजचंच काम सोपं होतं. दार उघडं राहण्याचे सेकंदही वाढवता येतात. देखभालीचा करार असलेल्या लिफ्टवाल्याला पुढच्या भेटीत सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

लिफ्टचीच आणखी एक गोष्ट. 'उद्या सकाळी १० ते ५ लिफ्ट बंद' हा कागद आदल्या रात्री चिकटवून चालत नाही. डायलिसिसचे वार ठरलेले असतात: सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. ज्या घरात असा पेशंट आहे तिथे फोन करून तारीख ठरवा. दुरुस्ती दोन-तीन आठवड्यांची असेल तर तेवढ्या दिवसांसाठी तळमजल्यावरची एखादी खोली, सोसायटीचं ऑफिससुद्धा, त्या घराला वापरायला द्या. नुसतं 'अडचणीबद्दल क्षमस्व' लिहून चौथा मजला खाली येत नाही.

वॉचमनच्या केबिनवर 'रिक्षा आत येणार नाही' अशी पाटी असते. त्याखाली एक ओळ रंगवा: 'पेशंट असल्यास रिक्षा थेट लिफ्टपर्यंत सोडावी.' आणि पेशंट आहे की नाही याचा पुरावा मागू नये. केमोथेरपी घेणारी तरुण मुलगी बाहेरून धडधाकटच दिसते. रिक्षात बसवताना पेशंटला पाठमोरं सीटच्या कडेवर टेकवायचं आणि मग पाय आत घ्यायचे. उलट केलं, की एक पाय आत, एक बाहेर आणि सगळा भार हवेत. तेवढा वेळ वरच्या दांडीवर आपला तळवा धरा, डोकं तिथेच आपटतं.

वॉचमनलाच आणखी तीन गोष्टी शिकवा, कारण दुपारी इमारतीत बहुतेक वेळा तोच असतो. फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा यांपैकी काहीही नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला, डोक्याखाली काहीतरी मऊ, झटके ओसरताच कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेलं किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. मधुमेहाच्या माणसाला घाम फुटून थरथर सुटली आणि तो शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. आणि विसरभोळेपणाचा आजार असलेले आजोबा संध्याकाळी 'मी घरी निघालो' म्हणत गेटवर आले तर त्यांना अडवून, दटावून उपयोग होत नाही, उलट ते चिडतात. 'चला, मी पण तिकडेच निघालोय' म्हणत सोबत चार पावलं चालायचं, तेवढ्यात घरी फोन. यासाठी घरच्यांच्या संमतीने त्यांचा फोटो आणि नंबर केबिनच्या आतल्या बाजूला असावा. बाहेर लावू नका.

संमतीचं म्हणाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा आजार जाहीर करू नका. हेतू चांगला असतो, पण 'बी विंगच्या काकांसाठी प्रार्थना' यापाठोपाठ हात जोडलेली साठ चित्रं येतात आणि काकांच्या मुलीचं लग्न जमायचं असेल तर तिच्या घरात वेगळीच काळजी सुरू होते.

'ओळखलंत का मला?' हा आपल्याकडचा लाडका प्रश्न. अंध माणसाला तो विचारणं म्हणजे जिन्यात परीक्षा घेणं, आणि स्मृती गेलेल्याला विचारणं म्हणजे तो नापास होणार हे माहीत असून घेणं. दोघांनाही आधी आपलं नाव सांगा: 'मी तिसऱ्या मजल्यावरची सुनंदा.' अंध माणसाचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून येईल. पायऱ्या आल्या की चढायच्या की उतरायच्या ते सांगा. निघताना 'मी निघतो' म्हणा, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो. त्याचा रस्ता म्हणजे भिंतीची कड. तिथेच आपण चपलांचं कपाट, तुळशीची कुंडी आणि मुलाची सायकल ठेवतो.

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी इंटरकॉम म्हणजे भिंतीवरची शोभा. वॉचमनने त्याला मेसेज करावा. अर्धांगवायूनंतर ज्याची वाचा गेली आहे त्याला बहुतेक वेळा सगळं समजत असतं. मोठ्याने बोलू नका. 'हो' किंवा 'नाही'ने उत्तर देता येईल असं विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. शब्द येतो, पण उशिरा.

आता घरात. शेजारधर्म आपण खाण्यातून पाळतो, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेणं ही आपली पद्धत. डायलिसिसच्या पेशंटला शहाळं नेऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, बंद पडलेल्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, संत्री, खजूर, टोमॅटोचं सार यांचंही तेच. पाणी त्यांना मोजून असतं, म्हणून 'अजून थोडं सरबत घ्या' हा आग्रह नको, पापड-लोणचंही नको. मीठ आलं की तहान आली. डबा द्यायचाच असेल तर घरच्यांना विचारा कोणती भाजी चालते, ती बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या आणि मग फोडणीला टाका. केमोथेरपी चालू असलेल्या घरी कोशिंबीर, बाहेरचा रस, चिरून ठेवलेली फळं नकोत. ताजं, पूर्ण शिजलेलं, वाफाळतं जेवण द्या. मसाल्याच्या वासाने मळमळतं म्हणून मुगाची खिचडी किंवा साधं वरण बरं. साधी सर्दी असली तरी त्या आठवड्यात भेट रद्द करा. अर्धांगवायूनंतर गिळणं बिघडलेलं असू शकतं, तेव्हा पडल्या पडल्या पाणी पाजणं धोक्याचं. ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घोट, आणि तेही घरच्यांनी सांगितलं तरच. पातळ पाणी चालत नसेल तर ते घट्ट करून देतात.

'काही लागलं तर सांगा' असं आपण दारातून निघताना म्हणतो. कोणी सांगत नाही, संकोच असतो. त्यापेक्षा 'मंगळवारी चारला येते, सहापर्यंत बसते' असं म्हणा. त्या दोन तासांत घरची बाई बँकेत जाईल, केस धुवेल, नाहीतर नुसती झोपेल. आमच्या अनुभवात बहुतेक जणी झोपतात. भेट दहा-पंधरा मिनिटांची, दुपारी एक ते चार नाही, डायलिसिसच्या दिवशी नाही. आणि तुमच्या मावसभावाला जो वैद्य लागू पडला त्याचा पत्ता विचारल्याशिवाय देऊ नका.

शेवटचा मुद्दा विजेचा. ज्या घरात पेशंटला ऑक्सिजन लागतो तिथे कॉन्सन्ट्रेटर असतो, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. ते विजेवर चालतं, मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या मशीनला साधारण साडेतीनशे वॅट लागतात. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवतो. इलेक्ट्रिशियनकडून त्या घरापर्यंत जनरेटरची एक लाइन, एका पॉइंटपुरती, ओढून घ्या. तोवर त्या घरात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर असावा. 'बी टाइप' आकाराचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साधारण बारा तास पुरतो. तो उभा, साखळीने बांधलेला, देवघरातल्या समईपासून लांब ठेवायचा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. तुमच्या गावचा वार कोणता ते केबिनमध्ये लिहून ठेवा, आणि वीज गेली की जनरेटर सुरू केल्याबरोबर त्या घराची बेल वाजवणं हे वॉचमनच्या कामांत घाला. गणपतीचा मांडव घालतानाही रॅम्पवर बांबू रोवू नका, १ मीटर २० सेंटीमीटर वाट सोडा. दिवाळीत फटाक्यांची माळ लावण्याआधी दम्याचे पेशंट कोणत्या खिडकीमागे आहेत ते विचारून घ्या.

विषयपत्रिकेसाठी मसुदा देतो, यात हवा तसा बदल करा: 'इमारतीचे प्रवेशद्वार ते लिफ्ट या मार्गावर दोन्ही बाजूंनी रेलिंग बसवणे, रॅम्पचा उतार व पृष्ठभाग दुरुस्त करणे, आणि त्यासाठी दुरुस्ती निधीतून खर्चास मंजुरी देणे.' सभेच्या आधी समितीतल्या दोघांनी मोजमापाची टेप आणि एक व्हीलचेअर घ्यावी. व्हीलचेअर भाड्याने मिळते. इमारतीत जो माणूस रोज हा रस्ता वापरतो त्याला सोबत बोलवा. गेटपासून लिफ्टपर्यंत एकदा जा, एकदा या, आणि समितीतला एक जण खुर्चीत बसलेला असू द्या. शक्य असेल तर पाऊस पडत असताना जा.

आपले,
घरोघरी पेशंटकडे येणारे काही जण